हिशेब विचारायला शिकवणारा बॅरिस्टर : सर फिरोजशहा मेहता



गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की अहवाल छापायची लगबग सुरू होते. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीबरोबर ते पुस्तक घरोघर पोचतं. आपण पहिल्या पानांवरचे फोटो बघतो, गाळप किती झालं, उतारा किती पडला, भाव काय निघाला एवढं वाचतो, आणि पुस्तक फडताळात जातं. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचे शेरे ही पानं बहुतेक घरांत कोरी करकरीत राहतात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "त्यातलं आपल्याला काय कळतंय? माणसं चांगली आहेत, चाललंय ते बरं चाललंय."

माणसं चांगली असली म्हणजे झालं का, हा प्रश्न आजचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई शहरात याच प्रश्नावरून मोठं रण माजलं होतं. त्या वेळी सव्वीस वर्षांच्या एका तरुण बॅरिस्टराने जे उत्तर दिलं, ते तेव्हा सभेतल्या लोकांना रुचलं नाही. पुढे मात्र त्याच उत्तरावर मुंबई महापालिकेचा कायदा उभा राहिला. त्या बॅरिस्टराचं नाव फिरोजशहा मेरवानजी मेहता. मुंबईला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी महापालिकेच्या इमारतीसमोरचा त्यांचा पुतळा पाहिला असेल. आपल्या सातबाऱ्याशीही या माणसाचा संबंध आला होता, ते पुढे सांगतोच.

शिक्षण आणि विलायत

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतल्या एका पारशी व्यापारी घराण्यातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची या विद्यार्थ्यावर फार मर्जी. त्याच सुमारास शेठ रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांनी विलायतेत जाऊन बॅरिस्टर व्हावं म्हणून दीड लाख रुपये देऊ केले होते. ग्रँटसाहेबांनी फिरोजशहांचं नाव सुचवलं आणि १८६४ च्या अखेरीस हा विद्यार्थी बोटीत बसला.

तो काळ मुंबईत पैशाच्या पुराचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहर शेअरच्या सट्ट्यात बुडालं. १८६५ साली युद्ध थांबलं, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या एका रात्रीत बसल्या. त्या मंदीत शेठ रुस्तमजीही सापडले. उसाचा भाव चढला की विहिरीवर विहीर खणणारा आणि भाव पडला की डोक्याला हात लावणारा शेतकरी आपण पाहतो. तसंच ते, फक्त शहराएवढं मोठं.

लंडनमध्ये फिरोजशहांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन १८६८ साली ते परत आले.

वकिली आणि मुलूखगिरी

त्या वेळी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. मधे सॉलिसिटर असे. कागदपत्रं तो तयार करी आणि कोर्टात उभं राहायला बॅरिस्टर तोच निवडी. सॉलिसिटरांच्या मोठ्या पेढ्या गोऱ्यांच्या, म्हणून कामही गोऱ्या बॅरिस्टरांकडे जाई. नव्या हिंदी बॅरिस्टराने कोट घालून हायकोर्टाच्या ओसरीत नुसतं बसून राहायचं, अशी परिस्थिती.

फिरोजशहा बसून राहिले नाहीत. त्यांनी जिल्ह्याची कोर्टं धरली. गुजरात-काठियावाडात फिरून फौजदारी खटले चालवले, उलटतपासणीत नाव कमावलं. १८७८ साली सुरतेला लायसन्स टॅक्सवरून दंगल झाली आणि अनेक जणांवर खटले भरले गेले. त्यात आरोपींच्या बाजूने ते उभे राहिले. नव्या करापायी साधा दुकानदार कसा पिचतो आणि सरकारी यंत्रणा त्याच्याशी कशी वागते, हे त्यांनी कोर्टात उभं राहून पाहिलं. वकिलीत पुढे पैसा आणि मान दोन्ही मिळाले. पण या माणसाचं खरं काम कोर्टाबाहेर, मुंबईच्या नगरपालिकेत झालं.

क्रॉफर्डसाहेबांची मुंबई

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार दोघांच्या हाती दिला होता. एक, सरकारने नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे शहरातले प्रतिष्ठित लोक. दुसरा, सरकारने नेमलेला म्युनिसिपल कमिशनर. कर भरणाऱ्या लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस त्यात नव्हता.

पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस भलताच कर्तबगार. त्या वेळची मुंबई म्हणजे उघडी गटारं, अरुंद बोळ, रस्त्यावर पडलेला कचरा, पटकीची साथ ठरलेली. क्रॉफर्डने गटारं बांधायला काढली, रस्ते रुंद केले, गावातला कत्तलखाना वांद्र्याला हलवला आणि मोठी मंडई उभारली. ती क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखली गेली. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव दिलं गेलं. सहा वर्षांत शहराचं रूप पालटलं.

पण हा सगळा खर्च कुणाच्या परवानगीने झाला? अंदाजपत्रकात रक्कम एक, प्रत्यक्षात खर्च दुसराच. एका खात्याचा पैसा दुसरीकडे वळवला गेला. काम आधी, मंजुरी मागून. तिजोरी रिकामी झाली आणि कर वाढले. ज्या जस्टिसांनी लक्ष ठेवायचं, ते सभेला यायचे, सह्या करायचे आणि घरी जायचे. जमाखर्चाच्या वह्या उघडून बघायची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

शेवटी १८७१ साली करदाते खवळले. सभा झाल्या, अर्ज गेले. क्रॉफर्डला जायला लागलं. लोकांचा राग इतका होता, की पुढे एकट्या कमिशनरच्या हाती कसलाच कारभार देऊ नका, सगळं काम समितीने करावं, अशी मागणी होऊ लागली.

सभेला न रुचलेलं भाषण

नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी नगरपालिकेच्या सुधारणेवर निबंध वाचला. श्रोते तापलेले. त्यांना हवी होती क्रॉफर्डची निंदा. फिरोजशहांनी उलटच सांगायला सुरुवात केली. शहर सुधारलं ते क्रॉफर्डमुळे, हे आधी कबूल करा, असं ते म्हणाले. सभागृहात आरडाओरडा झाला. पण वक्ता डगमगला नाही.

त्यांचा मुद्दा थोडक्यात आपल्या भाषेत असा मांडता येईल.

पहिली गोष्ट, काम करणारा हात एकच असावा. पाच जणांच्या समितीने गटार बांधायला घेतलं तर बिघडलेल्या कामाचा जाब कुणाला विचारायचा? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. म्हणून कार्यकारी अधिकारी एकच हवा, त्याला पुरेसा अधिकार हवा, आणि झाल्या-गेल्याची जबाबदारीही त्याच्या एकट्याच्या शिरावर हवी.

दुसरी गोष्ट, त्या हातावर नजर ठेवणारे डोळे लोकांनी निवडून दिलेले असावेत. क्रॉफर्ड मोकाट सुटला, कारण त्याच्यावर नजर ठेवणारे सरकारने नेमलेले होते. ते करदात्यांना बांधील नव्हते. पुढच्या वेळी आपल्याला कुणी घरी बसवील ही धास्ती त्यांना नव्हती, म्हणून प्रश्न विचारायची निकडही नव्हती. दोष एका साहेबाच्या स्वभावापुरता नव्हता, रचनेतच खोट होती.

तिसरी गोष्ट, पैशाची मंजुरी आणि हिशेबाची तपासणी खर्च करणाऱ्याच्या हाती असता कामा नये.

तेव्हा अधिकाऱ्याचे हात बांधू नका, लोकांचे डोळे उघडा, असा या भाषणाचा मथितार्थ. चिडलेल्या सभेला ही गोष्ट पटणं अवघड होतं. रागाच्या भरात सगळ्यांना वाटत असतं की माणूस बदलला की भागलं. बंधूंनो, आपल्या गावच्या सोसायटीत किंवा पाणीवापर संस्थेत हेच होतं की नाही बघा. सचिव बदलतो, अध्यक्ष बदलतो, पण वही तपासायला कुणी बसत नाही, आणि चार वर्षांनी पुन्हा तीच ओरड.

क्रॉफर्डच्या पुढच्या आयुष्याने या म्हणण्याला वेगळ्याच रीतीने पुरावा दिला. हाच गृहस्थ नंतर पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला. तिथे मामलेदारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले, १८८८ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि अखेर साहेबाला नोकरी सोडून जावं लागलं. 'क्रॉफर्ड प्रकरण' म्हणून जुन्या वर्तमानपत्रांत ते गाजलं. कर्तबगारी आणि बेहिशेबीपणा एकाच अंगरख्यात राहू शकतात, हे महाराष्ट्राने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

कायदा झाला : १८७२ आणि १८८८

१८७२ साली मुंबईसाठी नवा कायदा आला. ६४ सभासदांचं मंडळ. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. पैशाच्या व्यवहारावर नजर ठेवायला १२ जणांची नगर समिती. काम करायला एक कमिशनर. फिरोजशहांनी भाषणात मागितलेली चौकट बरीचशी यात उतरली होती. निम्मं सभागृह लोकांनी निवडलेलं, ही त्या काळी हिंदुस्थानात मोठी गोष्ट होती.

पुढे १८८७ साली सरकारने या कायद्याच्या जागी नवं विधेयक आणलं. कमिशनरचा अधिकार वाढवायचा आणि मंडळाचा कमी करायचा, असा त्याचा रोख. तोवर फिरोजशहा मुंबईच्या कायदेमंडळात सभासद होते आणि त्यांच्या जोडीला काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. दोघांनी प्रवर समितीत एकेका कलमावर वाद घातला. तेलंगांची विद्वत्ता आणि मेहतांचा नगरपालिकेचा अनुभव, अशी ती जोडी. १८८८ चा तिसरा कायदा म्हणून जो मसुदा शेवटी बाहेर पडला, त्याचा चेहरामोहरा पार बदललेला होता.

त्यात ७२ सभासदांचं मंडळ ठरलं. ३६ प्रभागांतून निवडलेले, १६ जस्टिसांचे, २ विद्यापीठाचे, २ व्यापारी मंडळाचे आणि १६ सरकारनियुक्त. कारभाराच्या तीन जागा ठरवून दिल्या : मंडळ, १२ जणांची स्थायी समिती आणि कमिशनर. धोरण आणि अंदाजपत्रक मंडळाचं, पैशावरची रोजची देखरेख स्थायी समितीची, अंमलबजावणी कमिशनरची. प्रत्येकाची हद्द कायद्याने आखली.

बांधावरून भांडण का होतं? हद्दीचे दगड हलतात म्हणून. संस्थेतही तसंच. संचालकाने शेतकी खात्याच्या गटप्रमुखाला परस्पर हुकूम द्यायला सुरुवात केली की तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो. उलट कार्यकारी संचालकाने मंडळाला न विचारता यंत्रसामग्रीची खरेदी केली की संस्थेच्या गळ्याला फास लागतो. १८८८ च्या कायद्याने हे दगड नीट रोवले. म्हणूनच असंख्य दुरुस्त्या होऊनही मुंबई महापालिकेचा मूळ कायदा १८८८ चाच राहिला आहे. फिरोजशहांना मुंबईच्या नगरशासनाचे जनक म्हणतात ते यामुळे.

सभागृहातला सिंह

कायदा करून हा माणूस थांबला नाही. चार दशकांहून अधिक काळ त्यांचं महापालिकेशी नातं होतं. चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले. मुंबईत त्यांना 'सिंह' म्हणत. आवाज खणखणीत, बोलणं मुद्देसूद, आणि मुख्य म्हणजे कागद वाचून आलेले. कमिशनरच्या अहवालातला आकडा चुकला तर पान क्रमांकासह दाखवणार. खालच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक असायचं, की मेहता सभेला आहेत म्हणजे फाईल घरी ठेवून चालायचं नाही.

त्यांच्या काळात मुंबईत मोठी कामं झाली. बोरीबंदरासमोरच्या महापालिकेच्या इमारतीचा पाया १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते घातला गेला, तेव्हा अध्यक्ष फिरोजशहाच होते. १८९३ साली ती इमारत पुरी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९२ मध्ये, तानसाचं पाणी मुंबईला आलं.

पोलिसांच्या खर्चाचं भांडण तर वर्षानुवर्षं चाललं. पोलिसांवर हुकमत सरकारची, आणि खर्चाचा वाटा मात्र महापालिकेने द्यायचा. ज्याच्यावर आपला अधिकार नाही त्याचं बिल आपण का भरावं, हा सरळ सवाल. १९०७ साली कायदा होऊन पोलीसखर्चाचं ओझं महापालिकेवरून उतरलं आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांची जबाबदारी तिने घेतली. आपल्या पैशातून शिपायांचे पगार जाण्याऐवजी शाळामास्तरांचे जाऊ लागले, हा सौदा करदात्यांच्या फायद्याचाच म्हणायला हवा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. घाणेरड्या वस्त्या पाडून नव्या वसवायला सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. शहर सुधारावं याला फिरोजशहांचा विरोध नव्हता. पण पैसा शहराचा आणि निर्णय बाहेरच्या मंडळाचा, ही रचना त्यांना खटकली. १८७१ साली जे सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं.

सातबाऱ्याशी संबंध : १९०१ चं जमीन महसूल विधेयक

आता आपल्या शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट.

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात 'छपन्नाचा दुष्काळ' म्हणून येतो. विक्रम संवत १९५६, त्यावरून ते नाव. माणसं आणि जनावरं तडफडून गेली. साऱ्याची थकबाकी डोंगराएवढी साठली. अशा वेळी १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला द्यायची, पण अशा शर्तीवर की ती त्याने विकायची नाही, गहाण टाकायची नाही.

सरकारचं म्हणणं, सावकारापासून कुणब्याला वाचवण्यासाठी हे करतो. सावकारी पाश खोटा नव्हता. १८७५ साली पुणे-नगर जिल्ह्यांत त्याच पाशापायी खतं जाळली गेली होती. पण विरोधकांचा सवाल असा, की साऱ्याच्या बोज्याने आणि दुष्काळाने जो शेतकरी बुडाला, त्याची मालकीच काढून त्याला सरकारचं कूळ करायचं, हा कुठला उपाय? जमिनीवर पत उरली नाही तर अडीनडीला बी-बियाण्याला पैसा देणार कोण? स्वस्त कर्ज देणारी दुसरी सोय तर सरकारने केलेली नव्हती. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला अजून तीन वर्षं होती, तो १९०४ सालचा.

कायदेमंडळात फिरोजशहांनी सूचना मांडली : एवढी घाई करू नका, विधेयक लोकांपुढे ठेवा, ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यांचं मत घ्या, मग ठरवा. मुंबईच्या पारशी बॅरिस्टराला शेतीतलं काय कळतं, असा टोमणा मारणं सोपं होतं. पण त्यांची मागणी शेतीच्या ज्ञानाची नव्हतीच. ज्याचं नुकसान-फायदा व्हायचा, त्याला आधी विचारा, एवढीच ती होती.

सरकारी सभासदांचं बहुमत ठरलेलं. सूचना फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा उठले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागे गोपाळ कृष्ण गोखले, दाजी आबाजी खरे, डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर आणि गोकुळदास पारेख हेही गेले. आजकाल सभात्याग ही रोजची बाब झाली आहे. १९०१ साली गव्हर्नरसाहेबांच्या तोंडावर उठून जाणं ही अंगावर काटा आणणारी गोष्ट होती.

विधेयक मंजूर झालं ते झालंच. ज्यांच्या सातबाऱ्यावर 'नवी शर्त' असा शेरा आहे, विकायचं म्हटलं की कलेक्टर कचेरीच्या परवानगीसाठी खेटे घालायला लागतात, त्या नव्या शर्तीची मुळं या १९०१ च्या दुरुस्तीत आहेत. तेव्हा विचारलेला प्रश्न आपल्या उताऱ्यावरून अजून पुसला गेलेला नाही.

सतरावा नंबर

असा माणूस सरकारला डोईजड होणारच. १९०७ च्या महापालिका निवडणुकीत काही बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी मिळून बेत रचला. त्यात महालेखापाल हॅरिसन पुढे होता. जस्टिसांनी निवडायच्या सोळा जागांसाठी सोळा नावांची यादी बांधायची, सगळ्यांनी त्याच नावांना मतं द्यायची आणि मेहतांना बाहेर ठेवायचं. याद्या फिरल्या, मतं ठरली. निकाल लागला तर फिरोजशहांचा नंबर सतरावा! इतकी वर्षं राबलेला माणूस एका नंबराने बाहेर.

शहरात खळबळ उडाली. माधवबागेत नागरिकांची प्रचंड सभा भरली. पुढे वरच्या सोळांतली एक जागा मोकळी झाली आणि सतरावे मेहता आत आले. ज्यांनी त्यांना घालवायचा घाट घातला त्यांना त्यानंतरही त्यांच्यासमोर बसून उत्तरं द्यावी लागली. पॅनेल बांधणं, नावं कापणं ही कला काही सहकारानेच शोधून काढली असं कुणी समजू नये!

डाव्या बाजूचा हिशेब

थोरांची ओळख करून देताना फक्त उजवी बाजू दाखवणं म्हणजे अर्धाच ताळेबंद छापणं. फिरोजशहांच्या डाव्या बाजूलाही रकमा आहेत.

पहिली, त्यांच्या महापालिकेत मत होतं ते ठराविक कर भरणाऱ्याला. ज्या गिरणी कामगाराच्या घामावर शहर उभं होतं, त्याला मत नव्हतं. चाळीत एका नळावर पन्नास बिऱ्हाडं पाणी भरत, त्यांचा आवाज या सभागृहात क्वचितच पोचे. मुंबई महापालिकेची सर्व प्रौढांच्या मतांवरची निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडलं.

दुसरी, त्यांचा दरारा इतका की त्यांच्यापुढे इतरांना बोलणं जड जाई. मोठ्या वडाखाली रोपटं वाढत नाही तसं काहीसं. एकाच माणसावर भिस्त ठेवलेली संस्था त्या माणसाच्या माघारी चाचपडते, हे आपण सहकारातही पाहिलं आहे.

तिसरी, राष्ट्रीय सभेतलं राजकारण. १८९० साली कलकत्त्याच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि मवाळ पक्षाचे तर ते आधारस्तंभ. अर्ज, युक्तिवाद आणि कायदा यांवर त्यांचा विश्वास. लोकमान्य टिळकांचा लोकांना रस्त्यावर आणणारा मार्ग त्यांना मान्य नव्हता. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला राष्ट्रीय सभा फुटली, त्या फुटीच्या जबाबदारीतून मेहतांना पुरतं मोकळं करता येत नाही. दोन्ही बाजूंचा मेळ १९१६ साली लखनौला बसला, तेव्हा फिरोजशहा हयात नव्हते.

पण उजव्या बाजूला अजून दोन रकमा मांडायला हव्यात. १९११ साली सोराबजी पोचखानवाला यांनी हिंदी भांडवलावर आणि हिंदी माणसांच्या हाताने चालणारी सेंट्रल बँक काढली, तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा. १९१३ साली लोकांची बाजू मांडायला त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र सुरू केलं. आपली महापालिका, आपली बँक, आपलं वर्तमानपत्र, अशी त्यांची ओळ होती. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. १९२३ साली महापालिकेसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला.

आपल्यासाठी काय?

मुंबईने १९४८ साली प्रत्येक प्रौढाला मत दिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९४८ रोजी, प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सोबत्यांच्या खटपटीने शेतकऱ्यांच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. त्या चळवळीने एक सभासद, एक मत हे तत्त्व धरलं. शंभर एकरवाल्याचं मत एक आणि एक एकरवाल्याचंही एकच. फिरोजशहांच्या महापालिकेला जे जमलं नाही, ते कुणब्यांच्या कारखान्याने पहिल्या दिवसापासून केलं. ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण मत मिळालं म्हणजे डोळे मिळाले असं होत नाही. १८६५ चे जस्टिस काही वाईट लोक नव्हते. प्रतिष्ठित होते, शिकलेले होते. त्यांनी फक्त वह्या उघडल्या नाहीत. आपण अहवाल न वाचता हात वर करतो तेव्हा आपणही त्यांच्याच रांगेत जाऊन बसतो. फरक एवढाच की त्यांचा पैसा थोडा होता आणि आपला सगळा ऊस त्यात आहे.

निवडलेलं मंडळ गेलं की काय होतं हेही मुंबईने नुकतंच अनुभवलं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्यामुळे काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. रस्ते झाडले जात होते, नळाला पाणी येत होतं. पण प्रभागातल्या माणसाने जाब विचारायचा कुणाला, याला उत्तर नव्हतं. प्रशासक म्हणजे काय हे सहकारात वेगळं समजावून सांगायला नको. सभासद झोपले की तो येतो.

तेव्हा यंदाचा अहवाल आला की एवढं करा. ताळेबंदात गेल्या सालचा आणि यंदाचा आकडा शेजारी-शेजारी छापलेला असतो. कर्ज वाढलं की घटलं, तोडणी-वाहतुकीवर टनामागे किती गेले, साखर शिल्लक किती आणि ती कुठल्या भावाने धरली आहे, येणं किती वर्षांचं अडकलं आहे, लेखापरीक्षकांनी कुठल्या गोष्टीवर शेरा मारला आहे, ही पाच ठिकाणं बघा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला वाचायला लावा. कळलं नाही ते कागदावर लिहून ठेवा आणि मुदतीच्या आत कारखान्याच्या कचेरीत लेखी द्या. सभेत प्रश्न विचारताना आवाज चढवायची गरज नाही. पान क्रमांक सांगा आणि आकडा विचारा. फिरोजशहा तेवढंच करायचे.

आणि अध्यक्ष, संचालक, अधिकारी यांनीही अशा प्रश्नाचा राग मानू नये. प्रश्न विचारणारा सभासद हा संस्थेचा वैरी नसतो. काट्यावर गाडी चढताना शेतकरी काट्याकडे बघतो, म्हणून काही तो काटेवाल्याला चोर म्हणत नाही. माल त्याचा असतो, म्हणून तो बघतो.

जय सहकार.